तेहरानमधली दोन सुतकं

६ जून १९८९. तेहरानच्या दक्षिणेला बेहेश्त-ए-झहरा नावाचं भलंमोठं कब्रस्तान. ऊन रणरणतंय आणि काळ्या कपड्यांतली लाखो माणसं धुळीत उभी आहेत. एक हेलिकॉप्टर उतरतं. त्यातून मृतदेहाची उघडी पेटी बाहेर काढतात आणि पुढच्या काही मिनिटांत सगळा बंदोबस्त कोलमडतो. कफनाचा निदान एक तुकडा मिळावा म्हणून लोक पेटीवर तुटून पडतात. कफन फाटतं, मृतदेहाचा पाय उघडा पडतो, देह जमिनीवर येतो. पहारेकरी हवेत गोळ्या झाडतात. देह कसाबसा परत हेलिकॉप्टरमध्ये घालून नेला जातो. काही तासांनी तो धातूच्या पेटीत बंद करून पुन्हा आणतात, तेव्हा कुठे दफन होतं. लोकांनी कबरीला हात घालू नये म्हणून वर मालवाहू कंटेनर ठेवावे लागतात.

हा देह होता आयातुल्ला रुहोल्ला खोमेनींचा. ३ जूनच्या रात्री, वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीला एक कोटीहून जास्त माणसं आली, असं सरकारने सांगितलं. म्हणजे इराणच्या तेव्हाच्या लोकसंख्येचा साधारण सहावा हिस्सा. हा आकडा फुगवलेला असेल असं धरलं, तरी गर्दी अफाट होती. उकाड्यात लोक कोसळू नयेत म्हणून अग्निशमन दलाचे बंब पाणी फवारत होते. चेंगराचेंगरीत माणसं मेली.

ही दृश्यं पाहून वाटतं, अख्खा देश रडत होता. तसं नव्हतं. पण हे सगळं सरकारने घडवलेलं नाटक होतं, असंही नव्हतं. गोष्ट इथेच अवघड होते.

आधी रडणाऱ्यांकडे पाहू. खोमेनींच्या आधी इराणवर शाहची राजवट होती. तेलाचा पैसा होता, पण विरोधात बोलणाऱ्याला ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उचलून न्यायची. शाहविरुद्ध बोलले म्हणून खोमेनींना १९६४मध्ये देशाबाहेर काढलं गेलं. १ फेब्रुवारी १९७९ला ते परतले आणि विमानतळावरून थेट याच बेहेश्त-ए-झहरात, क्रांतीत मारल्या गेलेल्यांच्या कबरींपाशी गेले. पुढे इराकशी झालेल्या आठ वर्षांच्या युद्धातले असंख्य जवान इथेच पुरले गेले. त्यात मिसरूडही न फुटलेली पोरं होती. ज्या घरातला मुलगा खोमेनींच्या शब्दावर रणांगणात गेला आणि परतला नाही, त्या घराने काय करायचं? तो माणूस चूक होता असं मानलं, तर मुलाचं मरण फुकट जातं. त्या आईबापांचा हंबरडा खरा होता. त्यात हुसेनच्या करबलातल्या मृत्यूसाठी दरवर्षी छाती पिटून रडणारा शिया समाज. सामूहिक शोक त्यांना कुणी शिकवावा लागत नव्हता.

आता देशाबाहेर. क्रांतीनंतर लाखो इराणी परागंदा झाले. लॉस एंजेलिसमध्ये तर त्यांची इतकी वस्ती झाली, की त्या शहराला गमतीने ‘तेहरानजेलिस’ म्हणू लागले. त्यांच्यातल्या अनेकांना ही बातमी सुटकेसारखी वाटली. पाश्चात्त्य देशांत खोमेनी म्हणजे अमेरिकी वकिलातीतले ४४४ दिवसांचे ओलीस, आणि चारच महिन्यांपूर्वी, १४ फेब्रुवारीला, सलमान रश्दींना मारण्याचा काढलेला फतवा. त्या वादाची झळ मुंबईलाही बसली होती. २४ फेब्रुवारीला रश्दींविरोधी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे डझनभर माणसं मेली. रश्दींचा जन्म मुंबईचा. आणि खोमेनींचे आजोबा उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे. इराणात गेल्यावरही त्यांच्या नावाला ‘हिंदी’ चिकटलेलंच होतं.

पण रडणारे आणि सुटकेचा श्वास टाकणारे मोजून हिशेब पुरा होत नाही. तिसरा गट गप्प होता.

या गटात त्या बायका होत्या, ज्या शाहविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या आणि क्रांतीला महिनाही झाला नाही, तोच ८ मार्च १९७९ला हिजाबच्या सक्तीविरुद्ध पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यात ते डावे होते, ज्यांनी क्रांतीला हात दिला आणि नंतर तुरुंगात गेले. १९८८च्या उन्हाळ्यात, युद्ध संपत असताना, खोमेनींच्या आदेशाने राजकीय कैद्यांची पुन्हा चौकशी सुरू झाली. काही मिनिटांचे प्रश्न, मग फाशी. अशी हजारो माणसं मारली गेली. तेहरानच्या आग्नेयेला खावरान नावाची ओसाड जागा आहे. तिथे अनेकांना सामूहिक खड्ड्यांत पुरलं. घरच्यांना कबर दाखवली नाही, शोकसभा घेऊ नका म्हणून बजावलं.

म्हणजे एकाच शहरात, वर्षभराच्या आत, दोन सुतकं होती. एकासाठी बंब, हेलिकॉप्टर आणि कोटीचा आकडा. दुसऱ्यात आईने मोठ्याने रडायचंही नाही.

या फाशींना सत्तेच्या आतून विरोध करणारा एक मोठा माणूस होता. आयातुल्ला हुसेन अली मोंताझेरी, खोमेनींचे ठरलेले वारस. हे थांबवा, असं त्यांनी खोमेनींना लिहून कळवलं. मार्च १९८९मध्ये त्यांचं वारसपद गेलं. ४ जूनला, खोमेनींचं दफनही झालेलं नसताना, तज्ज्ञ मंडळाने राष्ट्राध्यक्ष अली खामेनींना सर्वोच्च नेता निवडलं. त्या पदासाठी राज्यघटनेला हवा असलेला धार्मिक दर्जा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून पुढे घटनाच बदलली. पण बेहेश्त-ए-झहरातली गर्दी त्याआधीच कामाला लागली होती. एवढे लोक रडले, म्हणजे लोक आमच्याच मागे आहेत, असं नव्या सत्तेला सांगता येत होतं. शोकाचं मतदान करून टाकलं की गप्प बसलेल्यांचं मत आपोआप बाद होतं.

वीस वर्षांनी याचा उलटा अंक घडला. १९ डिसेंबर २००९ला मोंताझेरी गेले. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून इराण पेटला होता. कितीतरी वर्षं नजरकैदेत काढलेल्या या म्हाताऱ्या धर्मगुरूच्या अंत्ययात्रेला कोम शहरात प्रचंड जनसागर लोटला आणि त्यात सत्तेविरुद्ध घोषणा घुमल्या. या वेळी सरकारला ती गर्दी नको होती.

मेल्यावर वैर संपतं, असं आपल्याकडे म्हणतात. घरात, भाऊबंदकीत ते शहाणपणाचंच आहे. पण ज्याच्या शब्दाने माणसं जगली-मेली, त्याच्याबाबतीत हा नियम लावला, तर गप्प बसायची वेळ नेहमी खावरानच्या आयांवर येते. आणि मुलगा युद्धात गमावलेल्या बापाला ‘तू भाबडा होतास’ म्हणून हसणं, हाही न्याय नाही. दोघांचंही दुःख खरं होतं. फरक इतकाच, की एकाला रडायची मुभा होती.

पुढे कधी कुठल्या नेत्याच्या अंत्ययात्रेतली गर्दी पाहाल, तेव्हा ती जरूर मोजा. फक्त त्या दिवशी कुणाला दारं लावून घरात बसावं लागलं, तेही एकदा विचारा.