रिकाम्या खात्याचा दंड

बँकेच्या खात्यात पैसे नाहीत, ह्या कारणास्तव बँकेने खातेदाराकडूनच पैसे वसूल करावेत, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडला आहे. पासबुकात तशी नोंद दिसली की आपण दोन शब्द पुटपुटतो आणि गप्प बसतो. ब्रिटनमधील सामान्य खातेदार मात्र एकेकाळी गप्प बसले नाहीत. २००६ ते २००९ ह्या काळात त्यांनी दिलेला लढा, त्यात आलेले अपयश आणि त्यानंतरही अडल्यानडल्यांसाठी उघडी राहिलेली एक वाट, ही हकिगत आपल्याकडे फारशी परिचित नाही. तिच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न मात्र आपल्या ख्रिस्तसभेने पाचशे वर्षांपूर्वी हाताळलेला आहे. म्हणून प्रथम इटलीकडे वळू.

१४६२ साली पेरुजा नगरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने ‘मोन्ते दी पिएता’ नावाची संस्था निघाली. नावाचा शब्दशः अर्थ ‘दयेची टेकडी’. टेकडी म्हणजे येथे साठवलेला निधी. गरिबाने भांडे, वस्त्र किंवा एखादे अवजार गहाण ठेवावे आणि थोडी रक्कम न्यावी, अशी योजना होती. परंतु कारकुनाचा पगार आणि कोठाराचे भाडे कोणी द्यायचे? म्हणून कर्जदाराकडून किरकोळ आकार घेतला जाऊ लागला आणि त्यावरून मोठे वादळ उठले. थोडे घेतले तरी व्याज ते व्याजच, असे डोमिनिकन पंडितांचे म्हणणे. पुढे कार्डिनल झालेल्या कायेतानने १४९८ साली ह्या संस्थांविरुद्ध एक प्रबंधच लिहिला. एका ऑगस्टिनियन संन्याशाने तर ‘निर्दयतेची टेकडी’ अशी त्यांची संभावना केली. उलट फेल्त्रे येथील बर्नार्दिनो ह्या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराचे म्हणणे असे, की आकार घेतला नाही तर निधी आटेल आणि गरीब पुन्हा सावकाराच्या दारी जाईल. (त्याच्या प्रवचनांतील यहुदीद्वेष हा त्या कार्याला लागलेला डाग आहे; तो लपवण्यात अर्थ नाही.)

अखेर ४ मे १५१५ रोजी पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ ह्यांनी निर्णय दिला. संस्था चालवण्याचा खर्च भागेल एवढा माफक आकार घ्यावा. त्यातून नफा मात्र करू नये. आणि काहीही न घेता कर्ज देता आले तर ते अधिकच उत्तम. सेमिनरीत हा धडा शिकताना तो फार रुक्ष वाटतो. पण ‘खर्चापुरते घ्या, अधिक नको’ ही मोजपट्टी किती टणक आहे, हे बँकांचा हिशेब तपासताना कळते.

आता लंडनला येऊ. ब्रिटनमध्ये पगार जमा होण्याचे साधे खाते पुष्कळ वर्षे ‘मोफत’ म्हणवले जात होते. पैसे शिल्लक असतील तर चेक, कार्ड, वीजबिलाची आपोआप होणारी वजावट, कशालाच आकार नसे. शिल्लक संपली आणि वजावट न वटता परत गेली, किंवा परवानगीशिवाय ओव्हरड्राफ्ट झाला, की एकेका प्रसंगाला तीस पौंडांच्या आगेमागे आकार लागे. संगणकाने एक वजावट नाकारण्यास इतका खर्च खचितच येत नाही. शिवाय हा आकारही त्याच रिकाम्या खात्यातून वळता होई. पगार दोन दिवस उशिरा आला की गॅसचे बिल परत जाई, त्याचा आकार लागे, त्या आकारामुळे भाड्याची वजावट परत जाई आणि तिचा पुन्हा वेगळा आकार. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. (भारतात बचत खात्यातील किमान शिल्लक राखली नाही म्हणून लावलेल्या दंडामुळे खाते शून्याखाली जाता कामा नये, आणि दंड तुटीच्या प्रमाणात असावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला.)

हा पैसा थोडाथोडका नव्हता. योग्य व्यापार कार्यालय ह्या सरकारी यंत्रणेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २००६ मध्ये बँकांना अशा खात्यांपासून सुमारे ८३० कोटी पौंड उत्पन्न झाले. त्यांपैकी सुमारे २६० कोटी पौंड केवळ अपुऱ्या शिलकीच्या आकारांतून आले. म्हणजे ज्यांच्या खात्यात महिनाअखेरीस खडखडाट असे, त्यांच्या दंडावर सुस्थितीतील खातेदारांची ‘मोफत’ सेवा चालत होती. मला ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी बाब हीच वाटते.

एप्रिल २००६ मध्ये ह्याच कार्यालयाने क्रेडिट कार्डाचा हप्ता चुकल्यास १२ पौंडांहून अधिक आकार सामान्यतः अन्याय्य समजला जाईल, असे जाहीर केले. मग बँक खात्यालाच वेगळा न्याय का, असा प्रश्न लोकांनी विचारला. खातेदार मागील सहा वर्षांची विवरणपत्रे मागवू लागले, एकेका आकाराची बेरीज करू लागले आणि लहान दाव्यांच्या न्यायालयात स्वतःच अर्ज करू लागले. वकिलाची गरज नव्हती. स्वतःचा खरा खर्च न्यायालयात उघड करण्यापेक्षा, चूक मान्य न करता सुनावणीपूर्वीच पैसे परत करणे बँकांनी बहुधा पसंत केले.

हजारो दावे साचल्यावर २७ जुलै २००७ रोजी सात बँका आणि एक गृहकर्ज संस्था ह्यांच्याविरुद्ध एक कसोटीचा दावा दाखल झाला आणि बाकीच्या तक्रारी थांबवण्यात आल्या. उच्च न्यायालयात २००८ साली आणि अपील न्यायालयात २००९ च्या फेब्रुवारीत मुख्य मुद्द्यावर निकाल बँकांच्या विरुद्ध गेला. मात्र २५ नोव्हेंबर २००९ रोजी, स्थापन होऊन दोन महिनेही न झालेल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरवला. हे आकार दंड नसून बँकसेवेच्या एकूण किमतीचाच भाग आहेत आणि किंमत वाजवी आहे की नाही हे १९९९ च्या ग्राहक नियमांखाली तपासता येत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. आकार न्याय्य आहेत, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. डिसेंबरमध्ये सरकारी कार्यालयाने चौकशी सोडून दिली आणि सरसकट परताव्याचा दरवाजा बंद झाला.

तथापि एक खिडकी उघडी राहिली. आर्थिक अडचणीत सापडलेल्या खातेदाराशी न्याय्य वागावे, हे बंधन बँकांवर त्यांच्या आचारसंहितेने आधीपासून घातले होते. नोव्हेंबर २००९ पासून ते नियामकाच्या नियमावलीतही आले. त्यामुळे आजारपण, बेकारी किंवा घटस्फोट ह्यांनी खचलेला माणूस आपले उत्पन्न आणि खर्च कागदावर मांडून, ह्या आकारांमुळे भाडे व अन्न ह्यांनाच पैसे उरत नाहीत, असे बँकेला कळवू शकत होता. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर विनामूल्य लोकपालाकडे जाता येई. परतावा हा हक्क नव्हता. बहुधा तो सद्भावनेचा म्हणून आणि अंशतःच मिळे. पगार जमा होताच त्यातील अमुक रक्कम आधी घरभाड्यासाठी ठेवावी, असे बँकेला लेखी कळवण्याची पद्धतही ह्याच काळात अनेकांना माहीत झाली. ज्याला लिहिता येत नसे, त्याला सल्ला केंद्रातील स्वयंसेवक पत्र लिहून देत. हा मार्ग अपुरा खरा. त्यात गरिबाला आपले दारिद्र्य सिद्ध करून दाखवावे लागते, आणि पुष्कळ मानी माणसे त्यापेक्षा उपाशी राहणे पत्करतात.

६ एप्रिल २०२० पासून ब्रिटिश नियामकाने ओव्हरड्राफ्टवरील ठोक आकार बंद केले. ओव्हरड्राफ्टला एकच वार्षिक व्याजदर असावा, परवानगी नसलेल्या ओव्हरड्राफ्टला अधिक दर नसावा आणि वजावट नाकारल्याचा आकार प्रत्यक्ष खर्चाशी जुळता असावा, असे ठरले. लॅटरन परिषदेची मोजपट्टी ५०५ वर्षांनी, निराळ्या कारणांनी आणि धर्माचे नावही न घेता, लंडनच्या नियमपुस्तकात उतरली. हे नियम मागील काळाला लागू नाहीत. त्यापूर्वी आकार भरलेल्यांपैकी ज्यांनी वेळेवर अडचण कळवली आणि कागद जपून ठेवले, त्यांतील काहींना पैसे परत मिळाले; बाकीच्यांचे बँकेकडेच राहिले.