तबकडीचा १९५४ चा तह

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा रेकॉर्डच्या धंद्यातही मोठी उलथापालथ चालू होती. कर्ण्यापुढे तोंड नेऊन गाण्याचे दिवस संपत आले होते. १९२५ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि लवकरच ते हिंदुस्थानातही पोचले. चळवळीचा आवाज मात्र लाखेच्या तबकडीपेक्षा जलशांनी गावोगाव नेला. भीमगीतांच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड फार नंतरच्या. आज कुणी मुंबईच्या चोरबाजारातून गायिका हिराबाई बडोदेकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी आणि अशी एखादी छोटी रेकॉर्ड एकाच पिशवीत महाडला आणली, तर दोन्ही एकाच साध्या फोनो प्रीॲम्पमधून, म्हणजे टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधल्या डबीतून, सारख्या नीट वाजणार नाहीत.

कारण खाचेत आहे. खर्जाचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी नागमोडी होते की शेजारच्या खाचेत घुसते आणि सुईही उडते. तार सूर जसेच्या तसे कोरले तर ते खरखरीत बुडतात. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, तार सूर वाढवायचे आणि वाजवताना उलट करायचे. किती दाबायचे, यावर प्रत्येक कंपनीचे मत वेगळे होते. अखेर १९५४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्ड उत्पादक संघटनेने एक मोजमाप ठरवले आणि पुढे जगाने ते मानले. त्याचे नाव आरआयएए. त्यानुसार २० हर्ट्झचा सूर सुमारे १९ डेसिबलने दाबला जातो आणि १०,००० हर्ट्झचा जवळपास १४ डेसिबलने वाढवला जातो. प्रीॲम्पचे निम्मे काम हा तह उलटा पाळणे.

उरलेले निम्मे काम आवाज वाढवण्याचे. सुई बसवलेल्या चुंबकाच्या कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात. त्यांना साधारण शंभरपट, म्हणजे ४० डेसिबल, वाढवावे लागते.

मग आपल्या आजोबांच्या घरी ही प्रीॲम्पची डबी कशी नव्हती? त्यांच्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये चुंबक नव्हता, स्फटिक होता. दाबला की वीज देणारा हा स्फटिक शेकडो मिलिव्होल्ट काढतो. शिवाय त्याची वीज सुई किती सरकली यावर ठरते, किती वेगाने हलली यावर नाही. त्यामुळे आरआयएएचा हिशेब बराचसा आपोआप जुळतो. तार रेडिओच्या मागच्या भोकात खुपसली की गाणे सुरू. गणपतीच्या मांडवातही हाच प्रकार.

सुरुवातीचे स्फटिक रोशेल क्षाराचे असत. हा क्षार पाण्यात विरघळतो आणि दमट हवेत बिघडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाड-पोलादपुरात त्याचे काय होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. पुढे सिरॅमिकचे कार्ट्रिज आले आणि पावसाळ्यातही टिकले. एचएमव्ही फिएस्टासारखे घरगुती प्लेयर त्याच जातीचे. सुई जड, आवाज ओबडधोबड, पण मधल्या डबीचा खर्च शून्य.

नव्या टर्नटेबलला बहुधा चुंबकाचे कार्ट्रिज असते, म्हणून डबी घ्यावी लागते. घेण्याआधी टर्नटेबलच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पाहावे. आत फोनो विभाग आधीच असेल तर दुसरी डबी लावल्यावर आवाज गुरगुरतो आणि फाटतो. नसेल तर चुंबकाच्या कार्ट्रिजसाठी ४७ किलोओमचा इनपुट आणि ४० डेसिबलच्या आसपासची वाढ पुरे. महागड्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजची सोय स्वस्त डबीत शोधू नये. बेरिंजरचा पीपी ४०० अगदी साधा. आर्टच्या डीजे प्री २ वर आवाजवाढीचे बटण आणि कपॅसिटन्सचा स्विच आहे, त्यामुळे तो अधिक कामाचा. एनई ५५३२ ही चिप वापरून लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांतून घरी बांधलेली डबीही हलकी ठरत नाही, पण अर्थिंगची तार विसरली की गाण्याआधी भुणभुण ऐकू येते. चार पैसे उरले तर ते झिजलेली सुई बदलण्यात घालावेत. डबीवरच्या नावापेक्षा सुईचा फरक कानाला लवकर कळतो.

आता हिराबाईंची तबकडी. एचएमव्हीच्या त्या काळच्या विजेवरच्या मुद्रणात खर्ज साधारण २५० हर्ट्झखाली दाबलेला असे आणि तार सूर मुद्दाम वाढवलेले नसत. आरआयएएची डबी न वाढवलेले तार सूरही कापते, आणि हिराबाई रजईतून गात असल्यासारख्या वाटतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांना हा जुना तिढा नवा नाही. स्वस्त वाट अशी : लाखेच्या खाचेसाठी तीन मिलची, म्हणजे टोकाची त्रिज्या एका इंचाच्या तीन सहस्रांश असलेली, सुई वेगळी घ्यायची, रेकॉर्ड संगणकावर उतरवायची आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रणालीत आरआयएएचा हिशेब उलटवून जुन्या तबकडीचा लावायचा.