धाटाची गाडी आणि उघडलेला डबा

राहात्यात नगर-मनमाड रस्त्यालगत संध्याकाळी थोडे थांबले, तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर चार-पाच मुले एकाच भ्रमणध्वनीत माना घालून बसलेली दिसतात. बहुधा कुठल्यातरी नव्या फोनचे अनावरण चाललेले असते. कुणी एक निवेदक डब्यावरचे वेष्टन सावकाश काढतो, झाकण उचलतो, आणि मुले श्वास रोखून पाहतात. हे पाहून आमच्या पिढीचे लोक उसासा टाकतात, विटीदांडू, भोवरा आणि ज्वारीच्या धाटाची बैलगाडी यांची आठवण काढतात, आणि घरी जाऊन त्याच खेळण्यांची छायाचित्रे एकमेकांना महाजालावरून धाडतात! या उसाशाचा इतिहास थोडा तपासून पाहावा, असे आम्हांला वाटले.

चाकावरच्या खेळण्याची आवड या मुलखाला नवी नाही. राहात्याशेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली काशाच्या चार वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब आहे. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या खालच्या पाटालाही आस घालण्यासाठी भोके आहेत. त्यांचा काळ आणि उपयोग यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. भरीव काशाच्या या चौघांचे मिळून वजन साठ किलोच्या घरात जाते, तेव्हा ही मुलांची खेळणी नव्हेत हे उघड आहे. पण ज्याने ती ओतली, त्याने चाके लावून ओढायची गाडी कुठेतरी पाहिली असणार, असे मानण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

धाटाची गाडी हे या घराण्यातले सर्वांत गरीब अपत्य. वाळलेल्या धाटाची चिवट साल सोलून तिच्या काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडायचे, आणि काड्या भेंडात खुपसून जू, साटा, चाके असे सारे उभे करायचे. खिळा नाही, डिंक नाही, खर्च तर नाहीच. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. थोरला भाऊ करी आणि धाकटा पाही, धाकट्याची काडी मोडली, की थोरला ती हातात घेऊन म्हणे, "आण इकडं, आस तिरका बसलाय."

मग ही परंपरा तुटली कशाने? सगळा दोष भ्रमणध्वनीच्या माथी मारणे सोपे आहे, पण इतिहासाला ते मान्य होणार नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याने या भागात पाणी आणले. आज राहाता तालुक्यात असलेल्या लोणीजवळ, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस वाढला, पेरूच्या बागा झाल्या, पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. हाताशी धाट राहिले नाही, आणि नक्कल करायला दारात बैलगाडीही राहिली नाही. त्या पाण्याने घरोघर सुबत्ता आणली, मुले शिकली. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र खेळणे गेले ते पडदा येण्याच्या कितीतरी आधी, एवढे मान्य करावे लागेल.

आता याच कथेची दुसरी बाजू. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता पुण्याला टेल्कोत अभियंता होते. 1978 साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यात सहज मिळणाऱ्या काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली : चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ताठ राहतो. होशंगाबादचा तो कार्यक्रम 2002 साली बंद झाला. 2003 पासून गुप्ता पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम करू लागले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथे उभ्या राहिलेल्या वास्तूचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे ते नाव, आणि त्यात 'पुल'ही आहेत. तिथून या खेळण्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत महाजालावर गेल्या, कुणीही फुकट पाहाव्यात अशा. थोरल्या भावाची रिकामी जागा, निदान काही अंशी, प्रसारणाने भरली.

काही अंशी असे म्हणायला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या एका मुलाने चित्रफीत पाहून विजेची मोटर केली. बॅटरीचा सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. वेटोळे नुसतेच थरथरे, फिरेना. त्याने चित्रफीत तीनदा पाहिली, पण चित्रफितीला त्याची मोटर दिसत नव्हती. शेवटी आम्ही दोघे शेजारी बसलो. तारेच्या टोकांवरचा लेप एका बाजूने ठेवायचा असतो. त्याने तो सगळाच खरवडला होता. वीज सतत वाहिली, तर अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलटतो आणि वेटोळे मागे खेचले जाते. लेपामुळे त्या क्षणी वीज तुटते, आणि वेटोळे आपल्या वेगाने पुढे निसटते. नवी तार घेतली, एक बाजू राखली, आणि मोटर फिरली. मुलाला वीज कळली ती त्या चुकीतून, हे नमूद केले पाहिजे.

पायरीवरच्या मुलांच्या उत्साहाला आमचा आक्षेप नाही. यंत्राविषयीचे कुतूहल ही चांगलीच गोष्ट आहे. आक्षेप एवढाच, की तिथे डबा उघडतो, यंत्र मात्र बंदच राहते. धाटाच्या गाडीत लपलेले काही नव्हते. मोडली की सगळे दिसे, आणि पुन्हा जोडता येई. मुलांना ते पुन्हा मिळावे असे वाटत असेल, तर छायाचित्रे धाडून भागणार नाही. चित्रफीत संपल्यावर "आण इकडं" म्हणणारे कुणीतरी शेजारी लागेल. आम्हीही त्या मोटरीनंतर कडब्याची एक पेंढी मिळवून गाडी करायला बसलो. दोन तास गेले, आस तिरकाच बसला. पण मूल शेजारी बसून होते.