नाताळचं झाड आणि पाण्याची बादली

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की वसईच्या वाड्यांत आणि गोव्याच्या गावांत नाताळच्या चांदण्या लागतात. सण कोणताही असो, घर सजवायचं काम बहुतेक आपल्याच हातचं. त्यातून काही बिघडलं तर निस्तरायचंही आपणच. म्हणून आज आपण नाताळच्या झाडाची गोष्ट ऐकू. या झाडानं दूरदेशीच्या घराघरांत आनंद आणला, तशी पळापळही करायला लावली.

झाड घरात आणून सजवायची चाल मूळची जर्मनीतली, सुमारे चारशे वर्षांपूर्वीची. पुढे त्यावर मेणबत्त्या लागू लागल्या. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचे यजमान आल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र छापून आलं. आल्बर्ट जर्मन घराण्यातले. राजवाड्यात आहे ते आपल्याही घरी हवं, असं लोकांना वाटलं. १८५० मध्ये अमेरिकेतल्या बायकांच्या एका मासिकानं तेच चित्र छापलं. राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा मात्र काढून टाकल्या, म्हणजे चित्र साध्या अमेरिकी कुटुंबाचं वाटावं! या मासिकाच्या संपादक सारा हेल. बायकांच्या मासिकानं एखादी चाल घरोघर कशी पोचते, ते यातून दिसतं.

पण पेटती मेणबत्ती आणि तोडलेलं झाड, ही जोडी धोक्याची. हे झाड देवदाराच्या जातीचं. त्यात राळ असते. तोडल्यावर चार दिवसांत त्याची पानं वाळतात आणि ठिणगी लागली की भडकतात. मेणबत्त्या सुरुवातीला फांदीला मेणानं किंवा टाचणीनं लावत. त्या कलंडायच्या. मग धातूचे चिमटे निघाले. तरी लोक मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवत आणि झाडाशेजारी पाण्याची किंवा वाळूची बादली भरून ठेवत. एवढं करूनही पडदे पेटले, कपडे पेटले, लेकरं भाजली.

१८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. हे जॉन्सन म्हणजे बल्बवाल्या एडिसनचे सहकारी. पण तेव्हा वीज थोड्याच घरांत होती आणि प्रत्येक दिवा जोडायला जाणता वायरमन लागे. तयार माळा १९०३ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याही महाग. त्यामुळे साध्या घरांत मेणबत्त्या पुढे बरीच वर्षं राहिल्या.

विजेच्या माळेनं नवीनच कटकट आणली. त्या माळेत वीज एका बल्बमधून दुसऱ्यात जायची. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग घरातली माणसं एकेक बल्ब काढून बघत बसायची.

अजून एक ऐका. झाडाखाली बर्फ दिसावा म्हणून लोक कापूस पसरत. कापूस पेट घेतो, म्हणून न पेटणारा नकली बर्फ विकायला आला. तो होता ॲस्बेस्टॉसचा. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कॅन्सर होऊ शकतो, हे पुढे कळलं. चमचमत्या चंदेरी पट्ट्यांत शिसं असायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. अमेरिकेत त्या पट्ट्या १९७० नंतरच्या काही वर्षांत बंद झाल्या. म्हणजे एक धोका टाळायला आणलेली वस्तूही तपासूनच घ्यावी लागते.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. कागदाच्या आकाशकंदिलात पणती ठेवली, नाताळच्या गोठ्यातल्या वाळल्या गवताजवळ मेणबत्ती लावली, गणपतीच्या मखराला तुटक्या वायरची माळ गुंडाळली, की धोका तोच. म्हणून आपल्या गटांत आम्ही सणाआधी चार गोष्टी सांगतो. माळ लावण्याआधी वायर कुठे सोललेली नाही ना, ते बघा. उघडी तारेची टोकं बोर्डात खुपसू नका, पिन लावून घ्या. झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद करा. पेटत्या दिव्याजवळ पदर आवरा, मुलांना एकटं सोडू नका.

विजेमुळे आग लागली तर आधी मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी ओतू नका. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा किंवा जाड सुती गोधडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर लावा.

दीडशे वर्षांपूर्वी त्या दूरच्या घरांत झाडाशेजारी बादली भरून ठेवत. आपल्याकडेही सणाच्या तयारीच्या यादीत रांगोळी, फराळ, केक यांच्याबरोबर एक भरलेली बादली असू द्या. बचत नुसती पैशांची नसते, माणसांचीही असते. सण सुखाचा जावो.