सुंठीवाचून अर्धशिशी?

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, अर्धं डोकं ठणकतंय. पणजी काय लावायची हो?" मी म्हटलं, सुंठ. फोन ठेवला आणि मास्तरकीची जुनी खोड जागी झाली. सुंठीनं खरंच काही होतं का?

लोणी देवकरला माझ्या लहानपणी आईला दर महिन्याला अर्धशिशी उठायची. उजेड नको, आवाज नको, पोटात ढवळायचं. ती सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप द्यायची आणि माजघरात पडून राहायची. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" असं म्हणणाऱ्या बायका होत्याच. पुढे मीही बाकावर डोकं टेकवणाऱ्या एका मुलीला ढोंगी ठरवून उभं केलं होतं. ते आज बोचतं.

खरं तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितलेत, त्यात 'अर्धावभेदक' आहे. दुखणं इतकं जुनं आणि इतकं खरं.

आता सुंठ. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं काही अंशी शोगाओल होतं. ते जास्त तिखट. कपाळाची आग होते ती यांच्यामुळेच. आल्यानं मळमळही कमी होते.

२०१४ साली इराणमधल्या डॉक्टरांनी १०० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना सुंठीची पूड, निम्म्यांना सुमाट्रिप्टान हे नावाजलेलं औषध. दोन तासांत आराम जवळपास सारखाच! पण खोटी गोळी दिलेला तिसरा गट नव्हता. २०२० साली ब्राझीलचा प्रयोग छापून आला. १०७ रुग्ण, त्यांतल्या काहींना तीन महिने रोज आलं, बाकीच्यांना खोटी गोळी. दुखणं टाळण्यात फरक दिसला नाही.

खोटी गोळी कशाला? अर्धशिशी बहुधा चार ते बहात्तर तासांत आपणहून ओसरते. मग ती सुंठीनं गेली की सुंठीवाचून? आपली म्हण हाच प्रश्न विचारते. शिवाय हे दोन्ही प्रयोग पोटात घेतलेल्या औषधाचे, लेपाचे नव्हेत.

लेपानं एक काम मात्र नक्की केलं. आईच्या कपाळावरचा पांढुरका पट्टा दिसला की आजी भांडी हळू ठेवायची, आम्ही अंगणात पळायचो. न दिसणाऱ्या दुखण्याला तो पट्टा म्हणजे दाखला होता.

नातीला पुन्हा फोन केला. म्हटलं, लेप लाव, अंधारात पड, पण डॉक्टरांनाही दाखव. आणि कधी एकाएकी, पूर्वी कधी दुखलं नाही असं दुखलं, तर सुंठ शोधत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

तुमच्या घरी काय लावायचे? जरूर कळवा.