काळं कापड, एक चाक आणि टिचकीचा आवाज

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.

आजची गोष्ट ताथवड्यात, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सुरू होते. तिथून अमेरिका, जपान, इंग्लंड असा फेरफटका मारून परत गच्चीवरच येते. विषय आहे घरी बनवलेली कार्बन फायबरची एकचाकी सायकल. हो, सर्कशीत जोकर चालवतो तीच.

झालं असं, की माझ्या सतरा वर्षांच्या धाकट्या भावाने एक जुनी, २४ इंची चाकाची एकचाकी विकत आणली. हिला गिअर नाही, चेन नाही, ब्रेकही नाही. पॅडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण १.९ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर. भरभर चालणारा माणूससुद्धा जवळपास तेवढंच जातो. तरी पठ्ठ्याने महिनाभर गुडघे फोडून घेतले आणि शिकला. मग म्हणाला, "ताई, हिची फ्रेम कार्बनची करू या ना. हलकी होईल."

घरात इंजिनिअर मी. नाही कसं म्हणणार?

तसं बघितलं तर 'हे आपणही करू शकतो' ही खोड आपल्याकडे जुनीच. एकोणिसाव्या शतकात कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती बघून अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी स्वतःची सर्कस उभारायचं ठरवलं. छत्रे घोडे शिकवण्यात तरबेज होते. १८८० मध्ये त्यांची 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू झाली, आणि भारतीय सर्कशीचा इतिहास तिथूनच मोजतात. आमची उडी त्यापुढे अगदीच छोटी होती. फक्त एक फ्रेम.

आता कार्बन फायबर म्हणजे नेमकं काय? १८७९ मध्ये एडिसनने दिव्यासाठी सुती दोरा जाळून त्याचा कोळसा केला आणि त्यातून वीज सोडली. नंतर बांबूचे तंतू वापरले. तेही कार्बनचेच तंतू, पण ठिसूळ, फक्त उजेडापुरते. मजबुतीची गोष्ट पुढे १९५८ मध्ये सुरू होते. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हा शास्त्रज्ञ प्रचंड तापमानाला ग्रॅफाइटचं काय होतं ते तपासत होता. त्याला तिथे केसांपेक्षा बारीक तंतू सापडले. ओढून बघितले तर पोलादाला मागे टाकणारे. १९६१ मध्ये जपानच्या ओसाकातल्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी दाखवलं, की ॲक्रिलिकच्या धाग्यापासून चांगला कार्बन फायबर बनतो. ॲक्रिलिक म्हणजे आपल्या स्वस्त स्वेटरच्या लोकरीचं नातलग! मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. धागा भट्टीत तापवताना तो ताणून धरायचा, आखडू द्यायचा नाही. त्यामुळे आतले कण धाग्याच्या लांबीच्या दिशेने रांगेत बसतात.

हा 'दिशेने' शब्द लक्षात ठेवा. आमची फ्रेम याच शब्दावर फसली.

कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने ओढला तर दाद देत नाही. आडवा दाबला, वाकवला, तर काडीसारखा तुटतो. म्हणून त्याचं कापड विणतात, ते इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनात भिजवतात आणि थरावर थर लावतात. प्रत्येक थराची दिशा आधी ठरवायची असते. वजन जिथून उतरतं तिथे धागे सरळ. पीळ पडतो तिथे ४५ अंशांत तिरके. एकचाकीत दोन्ही लागतात. बसणाऱ्याचं वजन सीटखालच्या नळीतून दोन पायांत उतरतं, आणि प्रत्येक पॅडलला फ्रेम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पिळवटते.

थर्माकोल कापून, पॉलिश पेपरने घासून आम्ही फ्रेमचा साचा केला. (इपॉक्सी थर्माकोल खात नाही. पॉलिस्टर रेझिन मात्र त्याचा चिखल करतं.) भंगारवाल्याकडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला आणि त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा ओढून थर दाबायचे ठरवले. बेअरिंगच्या वाट्या भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियममधून काढून दिल्या. कार्बन आणि ॲल्युमिनियम दमटपणात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम गंजतं, म्हणून मध्ये काचेच्या कापडाचा एक थर.

वाट्या हातात ठेवताना काका म्हणाले, "पोरी, त्यापेक्षा लोखंडाची कर की. लोखंड मोडायच्या आधी वाकतं. सांगून मोडतं."

मी हसले. या पट्ट्यात प्रत्येक जण असंच बोलणार, असं वाटलं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, आणि त्यानंतर इथे पिढ्यानपिढ्या माणसं धातूवरच हात बसवत आली. ताथवडे स्वतः महापालिकेत आलं ते २००९ मध्ये. आता आमच्या आजूबाजूला टॉवर आणि कॉलेजं आहेत, पण लेथवर काम करायचं असेल तर रस्ता अजून भोसरीलाच जातो.

मे महिन्यातली दुपार. गच्ची तव्यासारखी तापलेली. इपॉक्सीत हार्डनर मिसळला की ते स्वतःहून गरम होतं, आणि उन्हात तर फारच पटकन. शेवटचे थर बाकी होते तेव्हा हातातला कप धुरकटायला लागला. मी घाई केली. दोन पाय जिथे नळीला मिळतात त्या कोपऱ्यात तिरके तुकडे वेगळे कापून लावायचे होते. मी एकच लांब पट्टी वळवून दाबली. वरून मस्त दिसलं. दुसऱ्या दिवशी घासून चमकवल्यावर तर दुकानातलीच वाटत होती. जुनी फ्रेम ९८० ग्रॅमची, ही ६१०.

भाऊ तेवढ्यात सीट बसवायला लागला. सोसायटीच्या उतारावर पहिली फेरी त्याचीच ठरलेली. मी त्याला थांबवलं. या कामात एक साधी तपासणी असते: नाण्याने टिचक्या मारत जायचं. थर नीट चिकटले असतील तर आवाज स्वच्छ येतो. आत पोकळी असेल तर बोदा. पायांवर टण, टण, टण. कोपऱ्यावर आलं आणि... थड.

"चालेल गं ताई, मी हळू चालवतो," तो म्हणाला.

आता इथे गच्ची सोडून इंग्लंडला चला. १९६८ मध्ये रोल्स रॉईसने लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी २११ हे इंजिन देण्याचा करार केला. त्यातल्या पंख्याची पाती कार्बन फायबरची असणार होती. मटेरियलचं नाव हायफिल. हलकी, ताठ, चाचण्यांत उत्तम. मग पक्षी आदळल्यावर काय होतं, ही चाचणी आली. १९७० च्या मे महिन्यात फिरत्या पंख्यावर कोंबडी डागली आणि पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. पाती लांबीच्या दिशेने ओढ सहन करायला बनवली होती, आणि मार आला आडवा. शेवटी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स रॉईस दिवाळखोरीत गेली. एकट्या पात्यांमुळे नव्हे. त्या अख्ख्या इंजिनाचा खर्चच हाताबाहेर गेला होता. पण पाती त्या दुखण्याचा एक भाग होती.

मग कार्बन वाईट का? नाही. १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बनची बॉडी असलेली पहिली गाडी उतरवली. धडकेत हिचा भुगा होईल, असं लोक म्हणत होते. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी इतकी जोरात आदळली की इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन मात्र चालत बाहेर आला. मटेरियल तेच. फरक हा, की मार कुठून येईल याचा विचार करून थर लावले होते.

काकांचं म्हणणं मला तेव्हा कळलं. लोखंड चूक झाली तर आधी वाकून सांगतं, तुम्हाला खाली उतरायला वेळ देतं. कार्बन आधी काही बोलत नाही. म्हणून सगळा विचार बनवणाऱ्याने आधीच करावा लागतो. आणि तो कोपरा नेमका भावाच्या बुडाखाली होता.

मी मास्क लावला (कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही) आणि हॅकसॉने फ्रेम कोपऱ्यातून कापली. भाऊ दोन तास बोलला नाही. आत बघितलं तर कापडाची सुरकुती, तिच्याखाली बोट जाईल एवढी पोकळी, आणि तिरका धागा एकही नाही.

दुसरी फ्रेम पहाटे पाचला केली, गारव्यात. इपॉक्सी थोडं थोडं मिसळलं. कोपऱ्यात नऊ तिरके तुकडे, प्रत्येक वेगळा कापलेला. वजन भरलं ६९० ग्रॅम. टिचकी सगळीकडे टण. मग ती जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधली, सीटवर सिमेंटची गोणी ठेवली आणि आठवडाभर तशीच ठेवून पुन्हा टिचक्या मारल्या. त्यानंतरच चाक बसवलं.

पूर्ण सायकल पाच-साडेपाच किलोची. वाचले २९० ग्रॅम. भावाने हिशेब केला आणि म्हणाला, "ताई, म्हणजे एका हापूस आंब्यासाठी दोन महिने?"

हो. एका आंब्यासाठी.

आता तो रोज संध्याकाळी सोसायटीत एकचाकी चालवतो. हेल्मेट घालून, उतार सोडून. निघायच्या आधी खिशातून नाणं काढतो आणि कोपऱ्यावर कान लावून टिचकी मारतो. मी सांगावं लागत नाही. कापलेली पहिली फ्रेम मी काकांना नेऊन दिली. ती त्यांच्या लेथच्या वर खिळ्याला टांगलेली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला ते तिचा आतला भाग दाखवतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!