पहिला डिजिटल पियानो घेताना

मुलाला पियानोच्या क्लासला घातले की थोड्याच दिवसांत घरी वाद्य घेण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सर्रास 'कॅसिओ' म्हटले जाते. दुकानात गेल्यावरही पालकांची नजर खिळते ती शेकडो आवाजांच्या आणि तालांच्या यादीवर. वास्तविक कीबोर्ड आणि डिजिटल पियानो ही दोन वेगळी वाद्ये आहेत. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतही दोहोंचे अभ्यासक्रम स्वतंत्र आहेत. त्यामुळे मूल नेमके काय शिकणार, हे खरेदीपूर्वी शिक्षकांना विचारून घेणे इष्ट.

दोहोंतला खरा फरक पट्टीच्या वजनात आहे. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास घडवलेल्या पियानोचे वैशिष्ट्यच हे, की पट्टी दाबताच आतला हातोडा तारेवर आघात करतो. बोट अलगद पडले तर स्वर मृदू, जोराने पडले तर भारदस्त. घरी पेटी वाजवणाऱ्यांना हे प्रथम चमत्कारिक वाटते. कारण पेटीत आवाजाचा चढउतार भात्याच्या हाती असतो, बोटांच्या नव्हे. स्वस्त कीबोर्डच्या पट्ट्या तर स्प्रिंगवर चालणाऱ्या आणि हलक्या. त्यांवर वर्षभर सराव केलेल्या मुलाची बोटे परीक्षेच्या दालनातील खऱ्या पियानोवर अडखळतात. झालेली मेहनत पूर्ण वाया जात नाही, परंतु हाताला लागलेली सवय मोडण्यात बरेच महिने जातात.

म्हणून माहितीपत्रकात 'हॅमर अॅक्शन' किंवा 'फुली वेटेड' हे शब्द आहेत का, ते पाहावे. 'टच सेन्सिटिव्ह' एवढ्याने भागत नाही. त्याचा अर्थ आघाताप्रमाणे आवाज बदलतो इतकाच. पट्टीला वजन असेलच असे नाही. 'सेमी वेटेड' हीदेखील मधलीच अवस्था. 'ग्रेडेड' म्हटले असेल, तर खर्जाकडील पट्ट्या जड आणि वरच्या हलक्या, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या असतात. पट्ट्या ८८ असाव्यात : ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. पहिल्या काही महिन्यांच्या धड्यांना ६१ पुरतात हे खरे, पण पुढे दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो.

यामाहाचा २०२३ मध्ये आलेला पी-१४५, रोलँडचा एफपी-१० आणि कॅसिओचा सीडीपी-एस११० ही या वर्गातील परिचित नावे. किंमत साधारण ४० ते ६० हजार रुपयांच्या दरम्यान आणि वजन १० ते १३ किलो. एकाच वेळी किती स्वर घुमू शकतात, या आकड्यावर विक्रेते फार भर देतात. नवशिक्याला ६४ पुष्कळ झाले. ट्रान्सपोजची सोय मात्र आपल्या घरांत उपयोगी पडते. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन असो वा पांढरी चार, वादकाला बोटांची ठेवण बदलावी लागत नाही.

सोबत मिळणारे पेडल बहुधा हलके असते आणि गुळगुळीत फरशीवर सरकते. वजनदार पेडल वेगळे घ्यावे. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड जोरात वाजवताना डुगडुगतो. बैठकीची उंची अशी हवी, की कोपर पट्ट्यांच्या पातळीवर येईल. जेवणाच्या टेबलावर पियानो ठेवून ही उंची क्वचितच जमते.

जुने वाद्य घेण्यास हरकत नाही. अट एवढीच, की दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी आधी अलगद आणि मग जोराने दाबून पाहावी. एखादीचा स्वर अकारण मोठा उमटला, तर तिच्याखालील संवेदक झिजला असण्याचा संभव असतो. आवाज पूर्ण बंद करूनही थोडे वाजवावे. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची ठकठक फरशीतून खालच्या मजल्यावर पोचते. रात्रीचा सराव असेल, तर स्टँडखाली जाड रबरी चटई घालावी.